धागा: मिठी, उल्हास, ठाण्याची खाडी – मासा धरण्याआधी पाणी कसं ओळखायचं?

खाडीकाठ

मुंबई-ठाण्याच्या आसपास नदीत किंवा खाडीत गळ, पाग (फेकून टाकायचं गोल जाळं) टाकणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. कुठे काय लागतं ही चौकशी सगळेच करतात. ते पाणी मासा धरून घरी नेण्याजोगं आहे का, हे मात्र फार कमी जण विचारतात. मासे कमी झालेत हे खरंच आहे, पण ते सगळीकडे सारखे कमी झालेले नाहीत. कुठला मासा गेला आणि कुठला उरला यावरून पाण्याचा अंदाज बराच पक्का बांधता येतो. त्यावरच बोलूया.

आधी जागा. मिठी विहारच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटर, वाटेत पवईचं जादा पाणीही तिलाच मिळतं. यातलं काहीही खाण्यासाठी धरू नये. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पात्र रुंद केलं, दोन्ही काठांना भिंती बांधल्या. उथळ कड गेली, काठचं गवत गेलं, तिवरं आक्रसली, म्हणजे पिल्लांना लपायला जागाच राहिली नाही. उद्या सांडपाणी थांबलं तरी हा प्रश्न उरणारच. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या उगमाकडे बऱ्या आणि वस्ती लागली की नाल्यासारख्या; त्यात तबेल्यांचं शेणही. तुळशी आणि विहार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, तिथे गळ टाकायचाच नाही.

राहिली उल्हास, तिच्या उपनद्या आणि खाड्या. उल्हासचा कर्जत-नेरळ-बदलापूर हा वरचा पट्टा आणि शहाड-मोहने-कल्याण हा खालचा पट्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव एकच असल्यामुळे लोक फसतात.

गोड्या पाण्यात माझी ओळख अशी: झिंगे, शिंगटी आणि लहान चकचकीत मासळी तिन्ही दिसत असतील तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. रोहू-कटला आहेत पण झिंगे नाहीत, तर वरून कसलंतरी औषध किंवा रसायन येतंय असा संशय घ्यावा. फक्त चिलापी (तिलापिया), मरळ आणि मांगूर उरले असतील तर गळ गुंडाळावा. मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेतात, चिलापी कमी प्राणवायूवर तगते. त्यांचं असणं हे पाणी चांगलं असल्याचं लक्षण नव्हे.

खाडीवाल्यांनी भर घालावी.

पागवाला

खाडीकाठदादा, चांगला विषय. खाडीत वेळ न पाहता पाग मारला तर सगळं चुकतं, म्हणून भरतीपासून सुरू करतो.

मुंबईच्या किनाऱ्याला तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला साधारण सव्वाअकरा ते बारा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. हिशेबात अर्धा तास इकडेतिकडे होतोच. खाडीच्या आत जाल तसा उशीर वाढतो. ठाण्याला किनाऱ्यापेक्षा उशिरा, कल्याणकडे त्याहून उशिरा.

आता पाण्याचा भाग. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, शेवटचं पाणी म्हणजे वरच्या नाल्यांचं पाणी. भरतीचं पाणी समुद्राकडून येतं, त्यात प्राणवायू जास्त असतो आणि त्याच्याबरोबर बोई, कोळंबी आत शिरते. म्हणून भरती लागल्यापासून तीन-चार तास हीच पागाची खरी वेळ. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी जोरात बदलतं. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, ते जागच्या जागी हलतं, नाल्याची घाण खाडीबाहेर जातच नाही. भांगाच्या दिवसांत नाल्याच्या तोंडाजवळ मिळालेली मासळी मी कोणालाही खायला सांगणार नाही.

पाग टाकण्याआधी बांबूने तळ चाचपून घ्या. हल्ली तळाला प्लास्टिक, तार, राडारोडा इतका असतो की शिसं अडकतात आणि ओढताना जाळं फाटतं. अडकल्यावर झटका देऊ नका. दोर सैल सोडा, दुसऱ्या बाजूला जा आणि तिथून हळू उचला. बांबूला लागलेला चिखल बघा. वर पातळ करडा-तपकिरी थर आणि खाली काळा असेल तर चालेल. वरपासूनच काळाभोर असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर तिथे तळाला प्राणवायू संपलेला आहे, जागा बदला.

आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक ठेवू नका. मच्छरदाणीसारख्या जाळ्यात कोळंबीबरोबर बोई, जिताडा, काळुंद्र यांची बोटाएवढी पिल्लं येतात आणि उन्हात मरून फेकली जातात. खाडीत मासा उरला नाही म्हणणाऱ्यांनी हा ढीग बघावा.

रसायनशाळा

वर दोघांनी जे नजरेने ओळखायला सांगितलं ते बरोबर आहे. आता मोजायचं कसं ते सांगते.

पहिली गोष्ट, टीडीएस मीटर घेऊन नदीवर जाऊ नका. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. सांडपाण्याचा नाला ४०० दाखवेल, स्वच्छ बोअरवेल ८०० दाखवेल, खाडीत तर आकडा मीटरच्या बाहेर जाईल. माशाला त्याने काही कळत नाही, आपल्यालाही नाही.

मोजायचा तो विरघळलेला प्राणवायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीचं पाणी ‘ड’ वर्गात येतं: प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू (pH) ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या ३० अंशांच्या गोड्या पाण्यात प्राणवायू भरून भरून साडेसातच्या आसपास मावतो, खाऱ्या पाण्यात सव्वासहाच. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच हातात फार शिल्लक नसते.

प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत घरगुती प्रयोगाइतकी सोपी आहे, फक्त हातमोजे आणि चष्मा हवा, कारण यात तीव्र गंधकाम्ल आहे. ३०० मिलीची काचेची बीओडी बाटली पाण्याखालीच भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटने पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडा, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ शून्य, पुढे मोजायची गरजच नाही. साका खाली बसला की २ मिली गंधकाम्ल घाला, तो विरघळून पिवळं-तपकिरी पाणी होईल. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्चचे थेंब टाका, निळा रंग येईल. तो जाईपर्यंत थायोसल्फेट. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर.

हे करताना दोन ठिकाणी चुकतं. बाटली बादलीतून ओतून भरली की हवा मिसळते आणि आकडा फुगतो. आणि थायोसल्फेट जुनं झालं की कमजोर पडतं, मग ते जास्त लागतं आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. ते नियमित प्रमाणित करून घ्यावं.

मोजायची वेळ सूर्योदयाची. रात्रभर शेवाळ आणि जीवाणू प्राणवायू वापरतात, पहाटे तो सगळ्यात खाली असतो. दुपारी तीन वाजता हिरव्या पाण्यात ९ मिळाला म्हणून खूश होऊ नका, त्याच पाण्यात पहाटे २ असू शकतो.

अमोनियाचं गणित सामूवर आहे. एकूण अमोनिया तेवढाच असला तरी ३० अंशांना सामू ७ असताना त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ८ ला साडेसात टक्के, ९ ला जवळजवळ ४५ टक्के. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी सामू चढतो आणि मासे भर दुपारी मरतात ते यामुळे. लोक म्हणतात ऊन लागलं.

उल्हासकाठी

ताई, उत्तम. जलपर्णीचं काय? मोहने बंधाऱ्याच्या वर दर वर्षी नदी हिरवीगार होते. जलपर्णीच्या कडेने गळ टाकला तर मासा लागतो, असं जुने लोक म्हणतात. आणि वालधुनी मिळते तिथून खाली काही धरायचं का?

रसायनशाळा

वालधुनीच्या खाली नको. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचं आणि वस्तीचं पाणी घेऊन ती येते.

जलपर्णीची कड आणि जलपर्णीचा मध्य वेगळा. कडेला मुळांत झिंगे आणि पिल्लं आसऱ्याला असतात, म्हणून मोठा मासा तिथे फिरतो. जुन्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण पात्र पूर्ण झाकलं की खाली उजेड नाही, हवा नाही, प्राणवायू शून्याकडे जातो. पोसायला नायट्रोजन आणि फॉस्फरस सांडपाण्यातूनच मिळतं, अनुकूल दिवसांत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. आणि जलपर्णीवर तणनाशक फवारून ती नदीतच सडू दिली, तर सडताना उरलासुरला प्राणवायूही जातो. काढायची ती उपसून, काठापासून लांब नेऊन टाकायची. काठावर ढीग लावला तर पहिल्या पावसात पुन्हा पात्रात.

मत्स्यमित्र

मासे मेलेले दिसले की ‘केमिकल सोडलं’ एवढं बोलून लोक मोकळे होतात. बऱ्याचदा ते खरं असतं, बऱ्याचदा नसतं. चुकीचं कारण लिहून तक्रार केली तर चुकीची तपासणी होते आणि अहवाल ‘दोष आढळला नाही’ असा येतो. म्हणून मेलेल्या माशाला नीट बघा.

प्राणवायू संपला असेल तर मोठे मासे आधी मरतात, लहान तगतात. मरण्याआधी सगळे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसतात. वेळ पहाटेची. मेलेल्यांची तोंडं उघडी, कल्ले फाकलेले. मरळ, मांगूर, निवटी जिवंत राहतात.

विष असेल तर लहान-मोठे एकदम जातात, वेळ कुठलीही. मासे गोल फिरतात, उलटे होतात, काठावर उड्या मारतात. कल्ल्यांवर चिकट बुळबुळीत थर दिसतो. मरळ-मांगूरही मेले तर प्राणवायूचा मुद्दा जवळजवळ निकालात. झिंगे आणि खेकडे आधी मेले, मासे नंतर, तर कीटकनाशक समजा. त्यातली काही कवचवाल्यांना माशांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत मारतात.

एकाच जातीचे मासे मेले, बाकी धडधाकट, तर रोग किंवा कोणाच्या तरी जाळ्यातला फेकलेला माल.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरची मर वेगळी. नाल्यात आठ महिने साठलेला गाळ एकदम नदीत उतरतो, तळही ढवळतो, आणि ते सगळं सडायला लागतं. त्याच दिवशी भांग असेल तर खाडीत हमखास मर होते. त्या दोन-तीन दिवसांत एक थेंबही कोणी मुद्दाम सोडलेला नसू शकतो. अर्थात पहिल्या पावसाच्या आडून टाक्या रिकाम्या करणारेही असतात, म्हणून नमुना घ्यायलाच हवा.

सई_ठाणे

नमुना घ्यायचा कसा? मागे आमच्या गटाने कोकाच्या बाटलीत पाणी नेलं तर प्रयोगशाळेने परत पाठवलं.

मत्स्यमित्र

सईताई, बरोबरच केलं त्यांनी. एका बाटलीत सगळं तपासता येत नाही.

प्राणवायूचा नमुना जागेवरच मँगनीज आणि आयोडाइड घालून पक्का करायचा. बीओडीसाठी (घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजायला) एक लिटर, काठोकाठ भरून, बर्फात, अंधारात, शक्यतो त्याच दिवशी आणि फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत. धातूंसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली, त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली. तेल आणि कीटकनाशकांसाठी काचेची बाटली, कारण ती प्लॅस्टिकला चिकटतात. आम्ल घातलेल्या बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या.

जागा तीन: मर दिसते तिथे, संशयित नाला मिळतो तिथे, आणि त्या नाल्याच्या वर जिथे मासे ठीक आहेत तिथे. ही तिसरी बाटली लोक विसरतात आणि सगळी तक्रार तिथेच ढिली पडते, कारण तुलनेला काही उरत नाही. खाडीत भरती उलट वाहते, त्यामुळे ‘वर’ म्हणजे कुठे हे त्या क्षणाच्या प्रवाहावर ठरवा आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा.

मासे फुगलेले, वास मारणारे नकोत. मरायला टेकलेले किंवा नुकते मेलेले पाच-सहा घ्या. कीटकनाशकासाठी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, धातूंसाठी प्लॅस्टिक पिशवीत. बर्फावर ठेवा, फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका. वेळ, जागा आणि फोटो प्रत्येक पिशवीसोबत. प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांना, दोघांनाही.

पागवाला

वलगणीचा विषय कोणी काढला नाही. कर्जत, मुरबाड, शहापूरकडे पहिल्या पावसात नदीतला मासा ओढ्यात, शेतात चढतो तेव्हा गाव लोटतं. गाबोळीने भरलेला मासा. तो सगळा धरला तर पुढच्या वर्षी काय राहणार?

उल्हासकाठी

दादा, वलगण बंद करा असं म्हणणं मला पटत नाही. वर्षातून दोन-चार दिवस आदिवासी पाड्यावरच्या घरात पोटभर मासळी येते ती तेव्हाच. हाताने, टोपलीने, लहान जाळीने धरलेल्या माशाने नदी रिकामी होत नाही. नदी रिकामी होते ती ओढ्याचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्याने बंद केल्यामुळे, आणि त्याहून जास्त ब्लिचिंग पावडर, जिलेटिन आणि बॅटरीच्या करंटमुळे. ब्लिचिंग टाकलेल्या डोहात अंडी, पिल्लं, झिंगे, किडे काहीच राहत नाही. वरून तेच पाणी खालची गावं पितात. विष आणि स्फोटकांनी मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी उन्हाळ्यात डोह आटले की सर्रास चालतं.

पागवाला

हे मान्य. मग निदान एवढं ठरवा: ओढ्याचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडायचा, जाळं रात्री काढून घ्यायचं, आणि पोट दाबलं की गाबोळी बाहेर येते अशी मादी आली तर लगेच वर सोडायची. तिची अंडी पडायलाच आलेली असतात.

खाडीकाठ

वलगणीइतकाच मोठा अडथळा बांधाचा आहे. चढायला निघालेला मासा बंधाऱ्याखाली येऊन अडकतो आणि तिथेच जाळी लागतात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासे भरपूर मिळतात म्हणून ती जागा चांगली समजू नये, तो अडवलेला मासा असतो.

खाडीत हेच काम उघाडीचं, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या झापांच्या दाराचं. खारबंदिस्तीची उघाडी भरतीला बंद राहते, ओहोटीला उघडते. जिताड्याची अंडी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात पडतात आणि पिल्लं भरतीबरोबर खाजणात (खाडीकाठच्या खारट दलदलीत), गोड्या पाण्याकडे यायला बघतात. उघाडीची झापं सडून कायमची अडकली की पिल्लांचा रस्ता बंद. भराव टाकून खाजण बुजवलं की रस्ताही नको आणि उघाडीही नको.

जिताडा धरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. पाऊण-एक मीटरचा जिताडा म्हणजे बहुतेक मादीच, आणि तिच्या पोटात लाखोंनी अंडी. फोटो काढा, पाण्यातच धरून गळ काढा, सोडा. मधल्या मापाचा घरी न्या. गळ खोल गिळला असेल तर ओढून काढू नका, तोंडाशी दोरी कापा. त्याने मासा वाचायची शक्यता वाढते.

चिंबोरी

चिंबोऱ्यांना पण तोच नियम. पोटाखालचं झाकण निमुळतं तो नर, रुंद गोल ती मादी. झाकणाखाली अंड्यांचा गोळा दिसला की सोडायचीच, ती समुद्राकडे निघालेली असते. मऊ पाठीची, नुकती कात टाकलेली पण सोडा; आत पाणीच असतं, पैसे वाया. फगाला (चिंबोऱ्या धरायच्या जाळीला) कोंबडीची आतडी बांधता तर उरलेली पाण्यात फेकू नका.

आणि खाण्याबद्दल कोणीतरी लिहा, लोक विचारतात.

रसायनशाळा

खाण्याचं थोडक्यात, पण नीट वाचा.

शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. शिसं, कॅडमियम, पारा कितीही उकळलं तरी तेवढाच राहतो. शिसं आणि कॅडमियम जास्त करून यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत साठतं, म्हणून खाडीच्या माशाची आतडी, काळीज आणि डोकं टाकून द्या. चिंबोरीतला पिवळसर मऊ गर म्हणजे तिचं यकृतच, तोही टाका. आवडीचा असतो हे माहीत आहे. पारा मात्र मांसातच साठतो, आणि मोठ्या शिकारी माशात जास्त. मोठा जिताडा सोडायला हे दुसरं कारण. गरोदर बाया आणि लहान मुलांना नाल्याजवळच्या खाडीतली मासळी देऊच नका.

तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात. पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात पाण्यापेक्षा जास्त गोळा होतात. सांडपाणी येतं तिथल्या तिसऱ्या अर्ध्याकच्च्या खाल्ल्या तर कावीळ आणि जुलाब ठरलेले.

मासा चिरल्यावर घासलेटचा वास आला तर तो मसाल्याने झाकू नका, तेल माशाच्या चरबीत शिरलेलं असतं. टाकून द्या. चिलापीचा मातकट वास वेगळा, तो शेवाळाचा. जिवंत मासा दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला की जातो. घासलेटचा असा जात नाही.

सई_ठाणे

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. महापालिकेची सात नवी मलनिस्सारण केंद्रं होताहेत, रोज २,४६४ दशलक्ष लिटरची. ती पूर्ण चालली की खाडीत मासा परतेल का?

खाडीकाठ

प्राणवायू वाढेल, त्यामुळे बोई आणि कोळंबी सगळ्यात आधी दिसायला लागेल, कारण ती भरतीबरोबर येतच असते, फक्त टिकत नाही. पण केंद्रापर्यंत न पोचणारे नाले वेगळे आहेत. वस्तीचं पाणी थेट पर्जन्यवाहिनीत जातं तिथे केंद्राचा उपयोग नाही. तळाचा गाळ आणि त्यातले धातू तर राहणारच, त्यामुळे मासा दिसायला लागणं आणि तो खाण्याजोगा होणं यांत बरीच वर्षं जातील. तोवर सूर्योदयाचे आकडे जमवत राहा, जागा आणि भरतीची वेळ लिहून इथेच टाका.

उल्हासकाठी

गळाला दोन-तीन किलोचा मांगूर लागला तर सोडायचा की नाही? गावात दोन मतं आहेत.

मत्स्यमित्र

सोडायचा नाही. एवढा मोठा मांगूर आफ्रिकनच. देशी मांगूर त्या मापाला जात नाही. त्याच्या पालनावर केंद्राने २००० सालीच बंदी घातलेली आहे, तरी तळ्यांतून निसटून तो नद्यांत आलाय आणि बाकीच्यांची पिल्लं, झिंगे, बेडूक सगळं खातो. ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो, म्हणून काठावर टाकून दिला तरी उपयोग नाही. तिथेच मारायचा आणि काठापासून लांब पुरायचा. पावभर वजनाचा देशी मांगूर असेल तर मात्र हात ओला करून हळूच परत पाण्यात.